ग्लॅडिसचा दुसरा ड्रायव्हर

टिंकरूनात माणसं एकमेकांना गिअरवरून ओळखतात. चेहरा नंतर.

गव्हाच्या कोठारांपासून पबपर्यंत एकच रस्ता, आणि त्या रस्त्याला क्लेम हॅबरफील्डच्या घरासमोर एक चढ. चढ म्हणजे सपाट मुलुखातला चढ. डोंगरातला माणूस त्याला चढ म्हणायला लाजेल. पण तिथं प्रत्येकाला तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागतं आणि त्या एका क्षणात माणूस उघडा पडतो. न्हावी बार्टनचा दुसरा गिअर सुस्कारा टाकून पडतो. पाद्रीबाबांचा पडण्याआधी माफी मागतो. एकदा हॉलीबाईंची गाडी चढावरून गेली, तेव्हा क्लेम पेपरातून मान वर न काढता म्हणाला होता, "आज नवरा चालवत नाहीये." त्या एका वाक्यावर गावात दोन लग्नं मोडली. पबमध्ये तीन म्हणतात, पण पबमध्ये सगळंच वाढवून सांगतात.

अशा या क्लेमच्या नाकासमोरून मार्चमधल्या एका दुपारी डेस प्रुइटची पिकअप चढ चढून गेली, आणि आवाज झाला नाही.

क्लेमनं चहाचा कप खाली ठेवला. डेसचा गिअर तो बावन्न वर्षं ऐकत आला होता. आधी एक खट्, मग जरा थांबून, जणू डेसला काहीतरी आठवलंय, असा दुसरा खट्. आणि आज? लोण्यातून सुरी फिरावी तशी गाडी वर गेली. डेसनं काचेतून हात केला, हसलासुद्धा. हसला, हे क्लेमला मुळीच आवडलं नाही. पायरीवर बसलेली त्याची कुत्री टग तोंड उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती.

"जांभया काय देतेस?" क्लेम तिच्यावर खेकसला. "गाडी गेली की भुंकायचं असतं! तूपण त्याला सामील का?"

सलग तीन दिवस त्यानं पाळत ठेवली. सलग तीन दिवस पिकअप मुकाट्यानं वर गेली. याचा अर्थ एकच होता, आणि तो इतका वाईट होता की क्लेमनं तो मनातल्या मनातसुद्धा हळू आवाजात उच्चारला: डेसनं गुपचूप ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून घेतलाय.

एरवी त्यानं महिनाभर डेसला टोमणे मारून विषय संपवला असता. पण या वेळी प्रश्न ग्लॅडिसचा होता.

ग्लॅडिस म्हणजे गावाचा आगीचा ट्रक. वय साठच्या पुढं, पोटात तीन हजार लिटर पाणी, आणि गिअरबॉक्स असा की शिकाऊ माणसाचा हात झटकून टाकेल. खाली गिअर टाकायचा तर क्लच एकदा दाबायचा, दांडा मधे आणायचा, क्लच सोडायचा, इंजिनाचा सूर बरोबर हवा तितका चढवायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडा सोडून द्यायचा; सूर जुळला असेल तर तो आपला आपण घरात जातो. नाही जुळला तर दात खातो, आणि ते दात कोठारांपर्यंत ऐकू जातात. तो सूर कुठल्या काट्यावर दिसत नाही. कानानं ओळखावा लागतो. टिंकरूनात तो दोघांनाच जमत असे, क्लेमला आणि डेसला. बायको मर्टल गेल्यापासूनच्या सहा वर्षांत, खरं सांगायचं तर, मंगळवारी ग्लॅडिसला फिरवून आणायची ती वीस मिनिटं सोडली तर क्लेम कशाचीच वाट बघत नसे.

आणि आता जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आलं होतं. एप्रिलच्या चौदा तारखेला परीक्षक येणार. ग्लॅडिसवर दोन ड्रायव्हर पास झाले तर ट्रक गावात राहील. एकच झाला तर ग्लॅडिस जाईल आणि तिच्या जागी नवा ऑटोमॅटिक ट्रक येईल.

दोन. आणि त्यातल्या एकाचा डावा गुडघा मागच्या हिवाळ्यात कापून नवा बसवलेला. त्या गुडघ्याला क्लच झेपत नसणार, म्हणूनच त्यानं ऑटोमॅटिक घेतलं असणार, आणि हे तो परीक्षेच्या दिवसापर्यंत लपवून ठेवणार. क्लेमला सगळं लख्ख दिसलं.

मंगळवारी ग्लॅडिसच्या शेडमध्ये त्यानं चौकशी सुरू केली. सरळ नाही, क्लेमला सरळ काही विचारता येत नसे.

"गुडघा कसा आहे, डेस?"

"झकास."

"नाही, म्हणजे क्लच वगैरे जड जात असेल."

डेस पाइप गुंडाळत होता. पाठमोराच राहून तो काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालास?"

डेस वळला. "म्हटलं, तुझ्या जिभेपेक्षा हलका आहे!"

क्लेमनं नोंद घेतली. हल्ली डेस पुटपुटायला लागला होता. बावन्न वर्षं हा माणूस शेताच्या या टोकाला बोलला की त्या टोकाच्या मेंढ्या दचकायच्या, आणि आता ओठांतल्या ओठांत. मनात पाप असलं की आवाज खाली जातो. पबमध्येही क्लेम आला की बोलणं कमी होई. माणसं नुसते ओठ हलवत. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. अख्खं गाव कटात होतं.

"पुढच्या मंगळवारी तू चालव," क्लेम म्हणाला. "मी शेजारी बसतो."

"तू? आणि शेजारी?" डेसनं पाइप खाली टाकला. "एकोणनव्वद साली तुझा हात मोडला होता, तेव्हासुद्धा तू मला बसू दिलं नाहीस. काय झालंय काय तुला?"

"काही नाही. सहज."

"सहज तू काहीच करत नाहीस, क्लेम."

पुढचा मंगळवार उजाडेपर्यंत थांबायचा धीर क्लेमला नव्हता. रविवारी दुपारी डेस बोलिंगच्या हिरवळीवर गोळे घरंगळवायला गेला, पायी. त्याची बायको नोरीन चर्चच्या केक-विक्रीला जाणार होती. क्लेमनं बॅटरी घेतली, जुना कोट घातला आणि प्रुइटांच्या अंगणात शिरून तो पिकअपखाली पाठीवर सरपटत गेला.

एकाहत्तराव्या वर्षी गाडीखाली शिरणं सोपं असतं. बाहेर येण्याचा विचार नंतर करायचा असतो. बॅटरीचा झोत त्यानं गिअरबॉक्सवर टाकला. आणि तिथं, छान ताजं ग्रीस लावलेला, क्लचचा दांडा होता. त्यानं हात लावून पाहिला. हलवून पाहिला. मूळचाच गिअरबॉक्स, मूळचाच गंज, तेलाचा मूळचाच थेंब, जो क्लेमच्या कपाळावर पडला.

म्हणजे आवाज बंद करायची काही नवी युक्ती. सायलेन्सरला काही लावलंय का, म्हणून तो मागं सरकायला लागला, तेवढ्यात कुणीतरी त्याच्या बुटाला लाथ घातली.

"ऊं!" क्लेमचं डोकं चासीवर आपटलं.

तो बाहेर आला, तेव्हा नोरीन लिंबाच्या केकचा ट्रे धरून उभी होती. तोंड लालबुंद.

"तीन मिनिटं हाका मारतेय! तीन मिनिटं! पलीकडच्या रस्त्यावरचा बार्टन पळत आला, चोर शिरला म्हणून!" खरंच, कुंपणापाशी न्हावी बार्टन केस कापायची कात्री उगारून उभा होता. "ऐकू येत नाही का तुला?"

"येतं की."

"काय करत होतास खाली?"

क्लेमनं सांगून टाकलं. कपाळावरून तेल ओघळत असताना माणसाला चांगली थाप सुचत नाही. आवाज, पुटपुटणं, कुत्रीची फितुरी, सगळं त्यानं सांगितलं. नोरीन ऐकत होती. हळूहळू तिचा राग उतरला, आणि क्लेमला रागापेक्षा ते जास्त वाईट वाटलं.

"माझ्याकडे पाठ कर," ती म्हणाली.

"कशाला?"

"कर म्हणते ना."

त्यानं पाठ केली. समोर कुंपण, पलीकडे बार्टन. काही झालं नाही. वारा नाही, पक्षी नाहीत. हल्ली पक्षीसुद्धा कमी झाले होते. मग बार्टनचा चेहरा पाहून तो वळला. नोरीनच्या हातात केकच्या ट्रेचं झाकण आणि सांडशी होती, आणि ती एकावर एक बडवत होती.

"केव्हापासून बडवतेस?"

"तू वळलास तेव्हापासून."

बार्टननं कात्री खिशात घातली आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

"डेसची गाडी होती तशीच आहे, क्लेम," नोरीन म्हणाली. "सकाळी अंगणातून निघते तेव्हा माझ्या कपाटातल्या बश्या वाजतात. मला म्हणशील तर टाकावं एकदाचं ऑटोमॅटिक. माझ्या गाडीत अकरा वर्षं माझा डावा पाय सुटीवर आहे, एकदासुद्धा तक्रार नाही त्याची. पण हा ऐकेल तर ना."

क्लेमनं अर्थातच विश्वास ठेवला नाही. नवराबायको दोघं मिळून बनवत असतील. झाकणच मऊ असेल. तो तडक शेडमध्ये गेला, ग्लॅडिसला बाहेर काढलं आणि कोठारांपाशी नेहमीसारखा तिसऱ्यातून दुसऱ्यात आला. काहीच ऐकू आलं नाही, म्हणून तो खूश झाला. मग त्याचं लक्ष तळहाताकडे गेलं. दांडा थरथरत होता, चावत होता, आणि कोठाराच्या छपरावरचे सगळे पांढरे काकाकुवा एकदम उडाले होते.

त्यानं पुन्हा करून पाहिलं. काकाकुवा पुन्हा उडाले.

संशय घेण्यात क्लेमनं सत्तर वर्षं कसूर केली नव्हती. पाद्र्यावर घेतला, कचेरीवर घेतला, हवामान खात्यावर तर रोज घेतला. स्वतःवर घ्यायची वेळ ही पहिलीच. त्यानं ग्लॅडिसला परत शेडमध्ये लावलं. महिनाभर तो माणसांचं बोलणं कानानं नाही, त्यांच्या ओठांवरून उचलत आला होता. दोघांतला जो पास होणार नव्हता, तो डेस नव्हता.

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी सभागृहासमोर कान तपासणाऱ्यांची गाडी उभी राहत असे. चौदा तारखेच्या आधीचा तो शेवटचा गुरुवार. क्लेम मागच्या दारानं शिरला. आतल्या गोऱ्या-गोमट्या माणसानं त्याला पेटीएवढ्या बंद खोलीत बसवलं, कसल्या कसल्या शिट्ट्या वाजवल्या आणि शेवटी शेंगदाण्याएवढं एक यंत्र पुढं केलं.

"हे सगळं आपोआप जुळवून घेतं," तो माणूस मोठ्यानं म्हणाला. "गर्दीत आपोआप कमी, घरी आपोआप जास्त. इंजिनासारखा सतत आवाज असला तर तो आपोआप दाबून टाकतं. तुम्हाला काहीच करावं लागत नाही!"

क्लेम उठून उभा राहिला.

"आपोआप?"

"पूर्णपणे!"

"म्हणजे मी काय ऐकायचं, ते हे ठरवणार."

"तसं म्हणा हवं तर."

"हाताचं आहे का?"

"हाताचं?"

"ज्यात मी ठरवीन ते."

त्या माणसानं आधी हसून पाहिलं, मग समजावून पाहिलं, मग सगळ्यात खालचा खण उघडला. तिथं जुन्या चेपलेल्या डब्यात कानामागं अडकवायचं एक ढब्बू यंत्र होतं, त्याला बारीक दात्यांचं चाक. "हे आता कुणी घेत नाही हो. सारखं फिरवत बसावं लागतं."

"मला दोन्ही कानांना द्या."

"एकच आहे."

"मग डाव्याला," क्लेम म्हणाला. "गिअर डाव्या हाताला असतो."

घरी येऊन त्यानं चाक फिरवलं आणि टग पायरीवरून त्याच्यावर इतकी भुंकली की तो दारालाच टेकला. महिनाभराची थकबाकी तिनं वसूल केली.

चौदा तारखेला परीक्षक आल्या. टॅम्सिन ओकली नाव, चाळिशीच्या आत-बाहेर, हातात फळी, फळीला कागद. त्यांची गाडी शेडपाशी थांबली, ती कुजबुजल्यासारखी. क्लेमनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. त्यांनी नोरीननं भाजलेला स्कोन, म्हणजे चहाबरोबरचा गोडसर पाव, घेतला, वर दुसरा घेतला आणि "किती छान गाव आहे!" म्हणाल्या. ट्रक न्यायला आलेलं माणूस इतकं गोड बोलतं, तेव्हा ते आधीच ठरवून आलेलं असतं, हे क्लेमनं ओळखलं.

"तुमची गाडी गिअरची नाही वाटतं?" त्यानं विचारलं.

"नाही हो. ती सगळं आपलं आपण करते. मी नुसती बसते."

"मग टॅक्सीच का करत नाही?"

"क्लेम!" नोरीन म्हणाली.

डेस आधी गेला. पंधरा मिनिटांनी आला, गुडघा कुरकुरला नाही, ग्लॅडिस कुरकुरली नाही. बाईंनी कागदावर एक खूण केली. "एक झाले," त्या म्हणाल्या. मग डाव्या बाजूनं वर चढून क्लेमच्या शेजारी बसल्या.

आठवडाभर क्लेमनं सराव केला होता, पण रिकाम्या टाकीनं आणि एकट्यानं. आज टाकी भरलेली, आणि शेजारी बाई बोलत होत्या. ट्रक सुरू होताच यंत्रानं अशी शिट्टी मारली की त्याला चाक झटकन खाली करावं लागलं. कोठारांपर्यंत ठीक गेलं. वरचा गिअर टाकणं तळहाताच्या अंदाजावर भागतं. परतताना मात्र समोर त्याच्याच घराजवळचा चढ आला. तीन हजार लिटर पाणी मागं ओढायला लागलं. दुसरा गिअर हवा होता, आणि कानात कापूस घातल्यासारखी शांतता.

उजवा हात स्टिअरिंगवर. तो काढला तर ग्लॅडिस थेट टगच्या पायरीवर जाईल. डावा हात दांड्यावर. एक पाय क्लचवर, दुसरा पेट्रोलवर. आणि चाक कानामागं. देवानं माणसाला हात देताना या गिअरबॉक्सचा विचार केलेला नव्हता.

"बाई," क्लेम म्हणाला, "कान पिळा."

"काय?"

"माझा. डावा. मागं चाक आहे, ते वर करा."

"मिस्टर हॅबरफील्ड," बाई त्याच्या कानाशी ओरडल्या, "परीक्षकानं उमेदवाराला मदत करायची नसते."

"मदत कुठं मागतोय? गिअर मीच टाकणार. तुम्ही रेडिओचं बटण फिरवलं असतं, तर ती मदत झाली असती का?"

बाई विचार करायला लागल्या. ग्लॅडिसला विचार करायला वेळ नव्हता. ती धापा टाकायला लागली. बाईंनी एकदा फळीकडे पाहिलं, एकदा मागच्या पाण्याच्या टाकीकडे, आणि हात लांब केला.

"अजून," क्लेम म्हणाला. "अजून. थांबा. अर्धा दाता मागं. आता हात काढू नका."

आणि मग आवाज आला. आधी बाईंची बांगडी, मग त्यांनी गिळलेला आवंढा, मग त्या सगळ्याच्या खालून, तळघरातून कुणी जिना चढत यावं तसं इंजिन. क्लेमनं क्लच दाबला, दांडा मधे आणला, क्लच सोडला. सूर चढवला. चढू दिला. अजून थोडा. महिन्याभरात, कोण जाणे, कदाचित वर्षभरात त्यानं तो ऐकला नव्हता. तो बरोबर तिथं पोहोचला, जिथं पोहोचायचा असतो, आणि क्लेमनं दांड्यावरची पकड सैल केली. दांडा आपला आपण आत गेला, पेटीत चमचा ठेवावा तसा.

ग्लॅडिसनं मान वर केली आणि चढ खाऊन टाकला.

बाई अजून त्याचा कान धरून बसल्या होत्या. "हे," त्या म्हणाल्या, "हे आत्ता काय झालं?"

"दुसरा पडला."

"मला ते बसल्या जागी... इथं जाणवलं." त्यांनी पोटावर हात ठेवला.

"जाणवणारच," क्लेम संशयानं म्हणाला. हा प्रश्न कागदावर कुठल्या रकान्यात बसतो, ते त्याला कळेना.

शेडपाशी परत आल्यावर बाईंनी ग्लॅडिसच्या बॉनेटवर नियमांची वही उघडली. पुढं मागं पानं उलटली. डेस, नोरीन आणि कात्रीसकट आलेला बार्टन भोवती उभे. क्लेमनं चाक पूर्ण वर करून ठेवलं होतं. त्याला पानांचासुद्धा आवाज येत होता.

"चष्मा चालतो," बाई वाचत म्हणाल्या. "कानाचं यंत्र चालतं. ते कुणी फिरवायचं, हे लिहिलेलं नाही." त्यांनी थोडा वेळ पेन चावलं. "आगीला तुमच्यात कुणी एकटं जातं का?"

"कधीच नाही," डेस म्हणाला. "दोघांशिवाय ट्रक हलत नाही."

"मग असं लिहिते, की मिस्टर हॅबरफील्ड चालवत असताना डाव्या बाजूला ज्याचा हात पोहोचेल असं माणूस हवं."

"बावन्न वर्षं याचा कान पिळायची इच्छा होती माझी," डेस म्हणाला. "आता सरकारी हुकूमच झाला."

बाईंनी दुसरी खूण केली, सही केली आणि कागद फाडून क्लेमच्या हातात दिला. क्लेमनं तो तीनदा वाचला. उलटून मागची बाजू पाहिली. उजेडात धरला. दोन ड्रायव्हर, असं लिहिलं होतं. ग्लॅडिस टिंकरूनातच, असं लिहिलं होतं.

पण बाई जाईनात. गाडीच्या किल्ल्या हातात खुळखुळवत त्या ग्लॅडिसच्या दाराशी घुटमळत राहिल्या.

"मिस्टर हॅबरफील्ड," त्या म्हणाल्या, "इथं अंगणातल्या अंगणात... मला एकदा बघता येईल?"

झालं! क्लेमनं डेसला कोपर मारलं. "सापळा," तो कुजबुजला, आणि ते कुजबुजणं, त्याला वाटलं त्यापेक्षा बरंच मोठं, सगळ्यांनी ऐकलं. "परवानगी नसलेल्या माणसाला बसवलं की कागद रद्द. हीच तर चाल होती. स्कोन खाल्ले तेव्हाच मी ओळखलं होतं."

"माझ्याकडे जड गाडीचा परवाना आहे," बाई म्हणाल्या. "ऑटोमॅटिकचा नाही, सगळ्यांचा. वीस वर्षांपूर्वी काढला होता, तेव्हापासून वापरलाच नाही."

"दाखवा."

"क्लेम!" नोरीन पुन्हा म्हणाली. पण बाईंनी दाखवला, आणि क्लेमनं तोही उजेडात धरला.

"डेस," तो म्हणाला, "हा कागद घे आणि तुझ्या घरी कपाटात ठेवून ये. बश्यांच्या खाली. आधी शाई वाळली का बघ."

डेस जाऊन येईपर्यंत त्यानं कुणाला दाराला हात लावू दिला नाही. मग तो डावीकडे चढून बसला, जिथं तो जन्मात बसला नव्हता. बाई स्टिअरिंगमागं बसल्या, बूट काढून. ग्लॅडिस धूळ उडवत अंगणात गोल फिरली, एकदा, दोनदा, मग तिसऱ्या गिअरात.

"आता?" बाईंनी विचारलं.

"क्लच. मधे. सोडा. आता ऐका."

"काय ऐकू?"

"ते कळेल तुम्हाला."

त्यांनी दांडा ढकलला. जो आवाज झाला, त्यानं बार्टनच्या हातून कात्री पडली, कोठारांवरचे काकाकुवा शेजारच्या गावात गेले आणि नोरीनचा चहा बशीत आला. क्लेमच्या डाव्या कानात तर तो पुरा, अख्खा, एकही दात न गाळता शिरला. त्याचा हात चाकाकडे गेला, आणि बाई घाबरून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"चुकलं ना?"

"फार लवकर टाकलात," क्लेम म्हणाला, आणि चाकावरचा हात काढून घेतला. "परत."